गुडघ्याची वाटी फुटली तर

पावसाळ्यात बांधावर पाय घसरतो, डोक्यावर वैरणीचा भारा असतो, आणि बाई सरळ गुडघ्यावर आपटते. गुडघा टम्म सुजतो. घरात पहिलं कुणी म्हणतं, “चोळून घे.” चोळू नका. उताणं झोपून, गुडघा न वाकवता, टाच अंथरुणावरून उचलता येते का, एवढं एकदा बघा. येत नसेल तर वाटी तुटून तुकडे लांब गेले असण्याची शक्यता मोठी. येत असली तरी एवढ्या सुजेला एक्स-रे काढायलाच हवा.

वाटीचं काम विहिरीवरच्या कप्पीसारखं. मांडीचा स्नायू दोरासारखा तिच्यावरून नडगीच्या हाडाला जोडलेला असतो. त्याच्याच जोरावर आपण उकिडवं बसून उठतो. वाटी आडवी तुटली की स्नायू वरचा तुकडा वर ओढून नेतो. हाडवैद्याचा हात कितीही गुणाचा असो, चोळून तो तुकडा खाली येत नाही. उशीर झाला की स्नायू आखडतो आणि जुळवणी अवघड होते.

तुकडे जागेवर असतील आणि पाय उचलता येत असेल, तर ४ ते ६ आठवडे पाय सरळ बांधून भागतं. नाहीतर ऑपरेशन. बहुतेक वेळा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात, तुकडे जुळवून दोन बारीक सळया घालतात आणि पुढून तार इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी आवळतात. गुडघा वाकवला की फट पुढून उघडू पाहते. तार ती उघडू देत नाही, त्यामुळं तुकडे मागून एकमेकांवर दाबले जातात. म्हणूनच डॉक्टर लवकर गुडघा वाकवायला सांगतात. घरातले मात्र मायेनं म्हणतात, “हलवू नको, तार तुटेल.” बाई महिनोन्‌महिने पाय लांब करून बसते, गुडघा आखडतो, आणि मग चुलीपुढं, संडासात, खुरपणीला बसणं कायमचं जातं. किती वाकवायचा, भार कधी द्यायचा, हे दवाखान्यातून निघण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

हाड जुळायला दोन-तीन महिने जातात. तेवढे दिवस तिचं पाणी-धुणं गटातल्या बायकांनी वाटून घेतलं, तरच तिचा व्यायाम होतो. नाहीतर ती आठव्या दिवशी हंडा उचलते. जखमेतून पू आला, ताप आला किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. वाटीवर मांस नसल्यानं पुढं तार टोचू शकते. हाड जुळल्यावर ती काढता येते.

पडल्यावर पाय सरळ ठेवून खाली-वर उशी किंवा फळी बांधा आणि १०८ला फोन करा. जखम उघडी असेल तर हळद, तंबाखू भरू नका, स्वच्छ फडकं झाका. नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन कुठल्या दवाखान्यात बसतं, ते तिथल्या आरोग्यमित्राला पैसे भरण्याआधी विचारा.