दमणगंगेच्या माहेरचा पांढरा द्राक्षारस



आपल्या सिल्वासावरून वाहणारी दमणगंगा कोठे उगम पावते, असे मुलांना विचारले तर बहुतेक जण गप्प बसतात. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात, आंबेगावजवळच्या सह्याद्रीच्या डोंगरात तिचे माहेर आहे. आज याच दिंडोरीचे नाव देशभर घेतले जाते ते तेथील उंची पांढऱ्या द्राक्षारसामुळे, म्हणजे व्हाइट वाइनमुळे. मध्यंतरी आपल्याकडील एका तरुणाने मला विचारले, "फादर, नदी तिकडचीच, मग ती द्राक्षे आपण का लावू नयेत? कर्ज मिळतंय." प्रश्न रास्त आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

नाशिकला खाण्याची द्राक्षे फार पूर्वीपासून होतात. वाइनची द्राक्षे मात्र वेगळी. त्यांचे मणी लहान, रसाळ आणि बियांचे असतात. १९९० च्या दशकात राजीव सामंत हे अमेरिकेतील शिक्षण व नोकरी आटोपून परतले. त्यांनी नाशिकजवळ, गंगापूर धरणाच्या परिसरातील वडिलोपार्जित जमिनीत सॉव्हिन्याँ ब्लां आणि शेनिन ब्लां हे मूळचे फ्रान्सचे पांढरे वाण लावले. कॅलिफोर्नियाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की यांची त्यांना मदत झाली. २००० साली 'सुला'च्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून करात सवलत दिली आणि पाहता पाहता नाशिक, दिंडोरी, विंचूर या भागांत कारखाने उभे राहिले.

तेथेच का? नाशिकचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री कडक गारठा असतो. उन्हाने द्राक्षात साखर भरते आणि थंड रात्रींमुळे आंबटपणा टिकून राहतो. पांढऱ्या वाइनचा सगळा जीव या आंबटपणात आहे. तो गेला की वाइन सपक लागते. युरोपात वेल थंडीत झोपतो व शरदात फळ देतो. आपल्याकडे वेलाला झोप नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसानंतर फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च काढणी, असा हा क्रम आहे.

काढणी पहाटे, गारव्यात करतात. घड तापला तर रसाचा सुवास उडतो. रस हलकेच पिळून साली लगेच बाजूला काढतात आणि पोलादी टाक्यांत १२ ते १५ अंशांवर दोन-तीन आठवडे सावकाश आंबवतात. त्यात यीस्ट साखरेचे मद्यार्क करते. हे सारे थंड ठेवायला वीज लागते, यंत्रे लागतात. म्हणजे शेतकरी द्राक्षे पिकवू शकतो, पण चांगली पांढरी वाइन घरच्या पडवीत होत नाही. त्याचा माल कारखान्यावाचून अडतो.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. आपली नदी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून खाली येते, तर वाइनची द्राक्षे डोंगराच्या पलीकडे, पूर्वेच्या कोरड्या अंगाला होतात. नाशिकला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्याकडे २,००० मिलिमीटरच्या वर. आपले गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०-४० मीटर उंचीवर आहे आणि येथील हवा दमट आहे. दमट हवेत वेलावर केवडा आणि करपा येतो. फवारणीचा खर्च वाढत जातो आणि उबदार रात्रींमुळे आंबटपणाही टिकत नाही. नदी एक असली तरी माती-हवामान एक नाही.

दुसरी गोष्ट बाजाराची. २००८ साली जगभर मंदी आली, त्यातच नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला. हॉटेलांतील खप घटला आणि कारखान्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. पुढच्या हंगामांत नाशिककडील कित्येक शेतकऱ्यांच्या मालाला उठाव मिळाला नाही. वाइनचे द्राक्ष खाण्याच्या बाजारात कोणी घेत नाही. अनेकांनी कर्ज काढून लावलेले वेल स्वतःच्या हातांनी उपटले. ज्या पिकाला एकच गिऱ्हाईक असते, त्यात भाव, वजन, साखरेचे प्रमाण आणि पैसे देण्याची तारीख आधी कागदावर हवी. हा धडा द्राक्षापुरता नाही. उद्या कोणी औषधी वनस्पतीचे किंवा बियाण्याचे करारपत्र घेऊन दारात आला, तरी हेच चार मुद्दे पाहा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या, मगच अंगठा उठवा.

शेवटी आरोग्याचे. "वाइन म्हणजे फळाचा रस, तिने काही होत नाही," असे म्हणणारे भेटतात. हिशेब करून पाहू. १२ टक्के मद्यार्काच्या वाइनच्या १५० मिलिलिटर पेल्यात सुमारे १४ ग्रॅम मद्यार्क असतो. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम. मग सौम्य कोणते? मद्यार्क कर्करोगाला कारण होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच नोंदवले. कोणतेही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. संत पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, याचा दाखला काही जण हसत हसत मला देतात. तो सल्ला एका आजारी माणसाला होता, आणि त्यातला 'थोडा' हा शब्द नेमका विसरला जातो. ज्या घरात ताडी-दारूने आधीच जमीन गहाण पडली आहे, त्या घराला महाग बाटलीने प्रतिष्ठा येत नाही.

वेदीवर आपण द्राक्षारस वापरतो आणि तो पुष्कळदा पांढराच असतो, कारण वस्त्रावर डाग पडत नाही. तेथे अगदी थोडा पुरतो, त्यातही पाण्याचा थेंब मिसळतो. दिंडोरीच्या शेतकऱ्याच्या कष्टाचे कौतुक अवश्य करावे. मात्र त्या तरुणाला मी सांगितले आहे की कर्ज काढायचेच असेल तर विहिरीसाठी, आंबा-चिकूसाठी काढ. आपल्या जमिनीला जे झेपते तेच लाव.