स्वकथन म्हणजे आत्मस्तुती नव्हे

स्वकथन (स्वतःचा अनुभव इतरांच्या उपयोगासाठी सांगणे) म्हटले की अनेकांना आत्मस्तुती वाटते. पण वाट विचारणाऱ्याला आपण आपली चाल किती झपाट्याची ते सांगत नाही; कुठे वळायचे, कुठे खड्डा आहे, तेवढेच सांगतो. स्वकथन तसेच.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्यात पॅराप्लेजियाने (कमरेखालचा भाग लुळा पडणे) गाठले. पुढे बाबूकाका दिवाण भेटले. तेही चाकाच्या खुर्चीवरच होते, तरी उद्योग चालवत होते. त्यांच्या उदाहरणाने नसीमादीदींना उभारी मिळाली. १९८४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही अपंगांसाठीची संस्था उभी राहिली. नसीमादीदींच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मचरित्रात हताश दिवसही आहेत, आणि मला तेच मोलाचे वाटतात; वाटेतले खड्डे त्यांतूनच कळतात. म्हणून नवख्या सहकाऱ्याला आपल्या यशाआधी आपली एखादी चूक सांगून पाहा.