पाण्यात कालवतो म्हणून पाण्याने जातो?

दिवाळीच्या आधीचा आठवडा. सोसायटीतली मुलं किल्ल्यासाठी आणलेले मातीचे मावळे रंगवायला बसतात आणि कुणीतरी मोठं माणूस जाता जाता सांगतं, "अरे, हे पाण्याचे रंग कशाला? एक सर आली की उतरतील. ऑइल पेंट आणा, टिकेल." हे मी दर वर्षी ऐकतो. धातूच्या आणि प्लास्टिकच्या छोट्या मूर्ती हौसेनं रंगवणाऱ्या जाणत्या माणसांकडूनही ऐकतो. मग हार्डवेअरच्या दुकानातून डबी येते, चार इंची मावळ्याच्या नाकडोळ्यांवर जाड थर बसतो, मिशीचा ओघळ हनुवटीवर येतो आणि पोरांचे हात टर्पेंटाइनने पुसत बसावं लागतं. एवढा खटाटोप एका चुकीच्या समजुतीपायी होतो, याची मला खरोखर चीड येते.

पाण्यात कालवले जाणारे सगळे रंग एका जातीचे नसतात. शाळेतल्या पोस्टर कलरमध्ये रंगाची पूड धरून ठेवायला डिंक किंवा डेक्स्ट्रिन असतं. ते वाळल्यावरही पाण्यात विरघळतं, म्हणून ओलं बोट लागलं की रंग बोटाला येतो. अ‍ॅक्रिलिकचं तसं नाही. त्यात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. लावलेला रंग सुकू लागला की पाणी उडून जातं, कण एकमेकांना भिडतात, दाबले जातात आणि त्यांचा सलग पापुद्रा होतो. तो झाला की वर कितीही पाणी ओता, कण पुन्हा सुटे होत नाहीत. पनीर पाण्यात ठेवलं म्हणून त्याचं परत दूध होतं का?

ज्यांना हे पटत नाही त्यांनी आपल्या इमारतीच्या बाहेरच्या भिंतीकडे बघावं. तिला लावलेलं एक्स्टीरिअर इमल्शन बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकच असतं. रंगाऱ्यानं ते तुमच्यासमोर बादलीत पाणी घालूनच कालवलेलं असतं आणि ते मुंबईचे, कोकणचे पावसाळे अंगावर घेतं. लोकांच्या मनात अजून जुना कोरडा डिस्टेंपर आहे, टेकून बसलं की सदऱ्याची पाठ पांढरी करणारा. त्या डिस्टेंपरचा राग अ‍ॅक्रिलिकवर काढला जातोय.

रंग नवा आणि बेभरवशाचा आहे असंही म्हणता येणार नाही. पाण्यात मिसळणारं कलावंतांचं अ‍ॅक्रिलिक हेन्री लेव्हिसन यांनी 'लिक्विटेक्स' नावानं अमेरिकेत १९५५ मध्ये आणलं. डेव्हिड हॉकनीचं 'अ बिगर स्प्लॅश' हे १९६७ चं प्रसिद्ध चित्र अ‍ॅक्रिलिकमध्येच आहे आणि ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. अशी चित्रं स्वच्छ कशी करावीत यावर टेटनं २००६ ते २००९ या काळात मोठं संशोधन केलं. ओल्या बोळ्यानं पुसल्यावर पृष्ठभागावर आलेली साबणासारखी द्रव्यं निघतात, पापुद्रा किंचित फुगतो, म्हणून जपून पुसावं लागतं, हे खरं. पण रंग विरघळून बोळ्यावर येत नाही.

मी एकदा घरातच करून पाहिलं. न भाजलेल्या मातीचे दोन मावळे घेतले, एक पोस्टर कलरनं रंगवला, दुसरा अ‍ॅक्रिलिकनं. आठवडाभर वाळू दिले आणि रात्री दोन वाट्यांत पाण्यात बुडवून ठेवले. सकाळी पहिल्या वाटीत मातकट लाल पाणी होतं. दुसरीतला मावळाही कोसळला होता, पण पाण्याला रंग नव्हता, नुसता गाळ होता. त्या गाळात अंगरख्याची साल अख्खी पडलेली, कमरपट्ट्याची पिवळी रेघसुद्धा जागच्या जागी. विरघळली होती ती माती. बुडाला रंग न लावलेल्या कच्च्या मूर्तीत पाणी खालून शिरतं, माती फुगते, रंगाचे पोपडे सुटतात आणि बोल रंगाला लागतो. ऑइल पेंट लावला असता तरी हेच झालं असतं. उपाय सोपा आहे: बुडालाही रंगाचे दोन हात द्या.

अ‍ॅक्रिलिकचा खरा शत्रू स्पिरिट आहे. सॅनिटायझरमध्ये बुडवलेला कापूस वाळलेल्या रंगावर घासा, रंग मऊ पडून निघू लागेल. दुसरी अडचण घाईची. हाताला वीस मिनिटांत कोरडा लागलेला थर आतून घट्ट व्हायला काही दिवस घेतो, आणि आपण संध्याकाळी रंगवून रात्री मावळे किल्ल्यावर मांडतो. धातूच्या किंवा प्लास्टिकच्या मूर्तीवर रंग नखानं सुटतो तोही पाण्यामुळे नाही. साच्याचं तेल साबणानं धुतलेलं नसतं, अस्तराचा हात दिलेला नसतो.

आणि ज्या ऑइल पेंटची एवढी थोरवी सांगतात, तो हवेतला प्राणवायू घेऊन कडक होतो आणि ती क्रिया वर्षानुवर्षं चालू राहते. बंद कपाटात ठेवलेल्या मूर्तीचा पांढरा अंगरखा पिवळट होतो, थर ठिसूळ होतो. अ‍ॅक्रिलिक लवचीक राहतं. माळ्यावरची जुनी डबी तर मुलांच्या हाती मुळीच देऊ नका. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा नियम आपल्याकडे २०१६ चा, आणि तो लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून.

बाकीच्या समजुती पटकन सांगतो. परदेशी हॉबी पेंटशिवाय काम होत नाही, हे खोटं. त्यांची पूड बारीक दळलेली असते, नाजूक कामात ते सुख देतात, पण मावळ्यांसाठी आपल्याकडचे कॅमल किंवा फेविक्रिलचे अ‍ॅक्रिलिक पाणी घालून दोनतीन पातळ हातांत छान बसतात. बारीक कामाला सगळ्यात बारीक ब्रश, हेही चूक. तीन शून्यांच्या ब्रशवरचा रंग डोळ्यापर्यंत पोचायच्या आत सुकतो, चांगल्या टोकाचा एक नंबर बरा. चकाकी म्हणजे मजबुती नव्हे. एवढ्याशा मूर्तीवर चकाकी आली की कापडाचं प्लास्टिक दिसतं, म्हणून शेवटी मॅट वार्निश. पितळेच्या पुडीचा सोनेरी रंग काळवंडतो, अभ्रकाचा नाही. 'नॉन-टॉक्सिक' लिहिलंय म्हणून ब्रशला ओठांनी टोक काढू नका.

भगवा झाकत नाही, रंगच हलका आहे, ही तक्रार मात्र थांबून ऐकण्यासारखी आहे. आजचे बहुतेक तेजस्वी पिवळे-नारिंगी रंग स्वभावानंच पारदर्शक असतात, महाग ट्यूबमधलेसुद्धा. काळ्या अस्तरावर पाच हात दिले तरी झेंडा मळकटच दिसेल. आधी पांढऱ्यात थोडा गेरू मिसळून एक हात द्या, कारण टिटॅनियमचा पांढरा आणि लोहाचा गेरू दोन्ही दाट झाकतात. तो वाळला की वर भगव्याचे दोन पातळ हात. झेंड्याच्या घड्यांत गेरूची छटा तशीच राहू द्या, वेगळी सावली काढावी लागत नाही.