नवा कॅमेरा आणि शाळा

लोकवर्गणीतून किंवा देणगीतून शाळेस चांगला कॅमेरा मिळतो. परंतु त्यावरील चक्रे, कळा व अक्षरे पाहून तो बहुधा कपाटातच राहतो, किंवा सर्व काम यंत्राच्या स्वयंचलित योजनेवर सोपविले जाते. मग स्नेहसंमेलनाची छायाचित्रे पुसट येतात, आणि तो दिवस तर पुन्हा येत नाही. वस्तुतः कॅमेऱ्याचे मुख्य तत्त्व तीन गोष्टींत सामावलेले आहे.

पहिली गोष्ट भिंगाचे छिद्र. ते डोळ्यातील बाहुलीप्रमाणे लहानमोठे होते. त्याची मापे २.८, ४, ५.६, ८, ११, १६ अशी असतात. आकडा वाढला की छिद्र लहान होते व दर पायरीस प्रकाश निम्मा होतो. लहान छिद्राने जवळचे व दूरचे दोन्ही स्पष्ट दिसते. मोठ्या छिद्राने एकच चेहरा स्पष्ट राहून मागील देखावा पुसट होतो.

दुसरी गोष्ट शटर. ते किती वेळ उघडे राहते यावर हालचालीची स्पष्टता अवलंबून असते. लेझीम किंवा कबड्डीसाठी १/५०० सेकंद ठेवावे. साध्या भिंगाने कॅमेरा हातात धरून काम करताना १/६० सेकंदाहून अधिक वेळ घेऊ नये. हात हलल्यास चित्र बिघडते.

तिसरी गोष्ट आयएसओ, म्हणजे प्रकाशाविषयीची संवेदनशीलता. १००, २००, ४००, ८०० असा आकडा दुप्पट केला की निम्म्या प्रकाशात काम भागते. मात्र आकडा फार वाढविल्यास चित्रावर कण दिसू लागतात.

या तिहींचा मेळ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. स्वच्छ उन्हात आयएसओ १००, छिद्र १६ व शटर १/१२५ हे प्रमाण साधारणतः योग्य ठरते. मुले धावत असल्यास शटर १/५०० करावे लागेल. वेळ चौपटीने घटली, म्हणून छिद्र दोन पायऱ्या मोठे, म्हणजे ८ करावे. प्रकाश पूर्वीइतकाच राहतो.

अभ्यासासाठी तीन पाट्या एकीमागे एक, एकेक हात अंतरावर, तिरप्या मांडाव्यात. चक्र ‘ए’ किंवा ‘एव्ही’ या अक्षरावर ठेवून मधल्या पाटीवर नेम धरावा, आणि एक चित्र सर्वांत मोठ्या छिद्राने व एक १६ ने घ्यावे. नंतर चक्र ‘एस’ किंवा ‘टीव्ही’वर आणून दोरीवर उड्या मारणाऱ्या मुलाची चित्रे १/३०, १/१२५ व १/५०० ने घ्यावीत. चित्राबरोबर हे आकडेही कॅमेऱ्यात नोंदले जातात. ते पाहून तुलना करावी.

प्रकाशमापकावर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. समोरचे दृश्य मध्यम राखी आहे असे तो गृहीत धरतो. त्यामुळे चुन्याची भिंत मळकट दिसते आणि काळा फळा फिका पडतो. पहिल्या वेळी प्रकाशाची दुरुस्ती अधिक १, दुसऱ्या वेळी उणे १ करावी. वर्गात मुलाचा चेहरा खिडकीकडे असावा, पाठ नव्हे.

दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून चलच्चित्राचा कॅमेरा आणला. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) हाती घेण्यापूर्वी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपून ती भांडवल देऊ शकणाऱ्यांना दाखविली. आरंभ लहान व स्थिर विषयापासून करावा, हा त्यातील बोध आपणही घ्यावा. कुंडीत वाटाणा पेरून, रोज त्याच वेळी व त्याच जागेवरून एक चित्र घेतल्यास निसर्गअभ्यासाचा पाठही तयार होईल.

शेवटी एक सूचना. मुलांची छायाचित्रे शाळेबाहेर पाठविण्यापूर्वी पालकांची संमती अवश्य घ्यावी, आणि ज्या चित्राने मुलास लाज वाटेल ते ठेवू नये. प्रत्येक चित्रावर तारीख व प्रसंग नोंदवावा. कित्येक घरांत मुलाच्या शाळेतील दिवसांची तेवढीच आठवण उरते.