आलेखाचा आरंभ कोठून?

महाजन आयोगाने 1967 साली 264 गावे महाराष्ट्राला व 247 तत्कालीन म्हैसूर राज्याला द्यावीत, अशी शिफारस केली. ती अमलात आली नाही; पण हे आकडे स्तंभांनी दाखवून पाहू. उभा अक्ष 240 पासून आरंभिला, तर उंची 24 व 7 भरते. एक स्तंभ दुसऱ्याच्या तिपटीहून उंच! शून्यापासून मोजता फरक जेमतेम सात टक्के. संगणकावरील ‘मॅटप्लॉटलिब’ ही आलेखन-प्रणाली स्तंभ आपण होऊन शून्यापासून काढते. रेषेचा अक्ष मात्र आकड्यांच्या टोकांपुरताच बेतते. तेथे ‘सेट वायलिम’ या आज्ञेने शून्य आपणच सांगावे लागते. शिवाय गावे मोजू लागले की निपाणीसारखी बाजारपेठ आणि सीमेवरचे लहानसे खेडे, दोन्ही एकेकच; हे वैगुण्य कोणताही अक्ष झाकू शकत नाही.