उष्णतेची वाट

संगणक म्हटला की डोळ्यांसमोर पडदा येतो, अक्षरे येतात, चित्रे येतात. पदार्थविज्ञानाच्या हिशेबात मात्र ती एक शेगडी आहे. हे विधान अलंकारिक नाही. पाण्याचा पंप विजेवर चालतो, तेव्हा त्या विजेचा काही भाग पाणी गच्चीवर चढवण्यात जातो आणि टाकीतल्या पाण्याच्या रूपाने शिल्लक राहतो. संगणकाजवळ असे काही शिल्लक राहत नाही. ३०० वॅट वीज घेणाऱ्या संगणकाने तासभर कादंबरीची पाने जुळवली, चित्रपट दाखवला किंवा कोट्यवधी गुणाकार केले, तरी तासाअखेर जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन खोलीत उतरलेली असते. तेवढ्याच वॅटच्या हीटरने खोली जितकी तापेल, तितकीच ती या संगणकानेही तापते.

मला या विषयाकडे वळावे लागले ते कागदामुळे. विदर्भातल्या एका ‘क’ वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात जुनी मराठी नियतकालिके स्कॅन करण्याच्या कामाची तांत्रिक बाजू मी गेली काही वर्षे सांभाळतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून छपाईसाठी लाकडाच्या लगद्याचा आम्लधर्मी कागद सर्रास वापरात आला. हा कागद वयानुसार ठिसूळ होतो. काही अंकांची पाने एकदा उलगडली की पुन्हा उलगडण्याच्या लायकीची राहत नाहीत. अशा पानाची प्रतिमा साठवली जात असतानाच यंत्र बंद पडले, तर ते पान दुसऱ्यांदा उघडावे लागते. मे महिन्याच्या दुपारी आमचे यंत्र नेमके तेव्हाच कुरकुरते. पेटीतला वारा हा त्यामुळे आमच्यासाठी जतनाचा प्रश्न झाला.

उष्णता मुळात येते कुठून? प्रोसेसरमधले अब्जावधी ट्रान्झिस्टर सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होतात. दर वेळी सूक्ष्म विद्युतभार भरला आणि रिकामा केला जातो, आणि या येरझारीत वीज उष्णता बनते. हे टाळण्याला निसर्गानेच एक मर्यादा घातली आहे. आयबीएममधील भौतिकशास्त्रज्ञ रोल्फ लँडॉअर यांनी १९६१ साली असे मांडले की माहितीचा एक बिट पुसताना किमान ठरावीक उष्णता बाहेर पडलीच पाहिजे. विसरण्यालाही किंमत आहे, असा त्याचा अर्थ. आजची यंत्रे या किमान मर्यादेच्या कितीतरी पट अधिक उष्णता सोडतात; पण यंत्र कितीही सुधारले, तरी नेहमीच्या पद्धतीच्या गणनेत हा खर्च शून्यावर येणार नाही.

या खर्चाने संगणकाचा इतिहासही वळवला आहे. १९७८ साली आलेला इंटेलचा ८०८६ हा प्रोसेसर दोन वॅटच्या आसपास वीज घेई. त्याच्यावर ना धातूचा ठोकळा असे, ना पंखा. १९९३च्या पहिल्या पेंटियमने हा आकडा १५ वॅटच्या घरात नेला. २००४ साली पेंटियम ४ची वरची मॉडेले ११५ वॅटला पोहोचली. त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलने पुढचा नियोजित प्रोसेसर रद्द केला. त्याचे सांकेतिक नाव होते ‘तेजस’. मराठी कानाला यातला योगायोग सांगायला नको. घड्याळाचा वेग वाढवत नेण्याचा रस्ता उष्णतेने अडवला आणि एका चिपवर अनेक गाभे बसवण्याचा काळ सुरू झाला.

पेटी मात्र फारशी बदलली नाही. ज्याला आपण सर्रास ‘सीपीयू’ म्हणतो आणि दुकानदार ‘कॅबिनेट’ म्हणतो, तिची आजची मांडणी १९९५ सालच्या एटीएक्स या आराखड्यातून आली आहे. वाऱ्याचा प्रवाह केंद्रस्थानी ठेवून इंटेलने २००४ मध्ये बीटीएक्स हा नवा आराखडा आणला होता; दोनच वर्षांत तो मागे पडला. त्यानंतर आकडे पुन्हा चढले. २०२२च्या एका वरच्या श्रेणीच्या प्रोसेसरची कमाल मर्यादा २५३ वॅट आहे आणि त्याच वर्षीचे सर्वांत मोठे ग्राफिक्स कार्ड एकटे ४५० वॅट घेते. पंधरा-वीस वॅटच्या प्रोसेसरच्या काळात ठरलेल्या घरात आज ७०० वॅटचे बिऱ्हाड राहू शकते.

चिपपासून खोलीपर्यंतचा उष्णतेचा प्रवास टप्प्याटप्प्याने होतो. चिपच्या झाकणावर धातूचा हीटसिंक बसतो. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म फटी असतात आणि फटींत हवा असते. तांबे उष्णता जितकी वाहून नेते, तिच्या सुमारे पंधरा हजारावा हिस्साच स्थिर हवा नेते. म्हणून मध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर लावतात. पेस्ट तांब्याच्या मानाने कमी प्रतीची वाहक आहे, पण हवेपेक्षा शेकडो पटींनी बरी. ती फटी भरण्यापुरतीच हवी. जाड लेप उलट अडसर ठरतो. पुढे तांब्याच्या नळ्या असतात. त्यांच्या पोकळीत कमी दाबाखाली थोडे पाणी असते. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून पाणी परत फिरते. तिथून उष्णता पातळ पत्र्यांवर पसरते आणि मग हवेच्या स्वाधीन होते.

इथपर्यंतचे काम कारखान्यात ठरलेले असते. यापुढचे आपल्या हाती असते, आणि गोंधळही इथेच होतो. पंखा थंडावा निर्माण करतो, असा आपला समज असतो. माणसाला पंख्याखाली गार वाटते ते घाम सुकल्यामुळे. प्रोसेसरला घाम येत नाही. पेटीतला पंखा फक्त हमाल आहे. गरम हवा बाहेर न्यायची, कमी गरम हवा आत आणायची, एवढेच त्याचे काम.

हमाली किती लागते, याचा हिशेब सोपा आहे. एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला साधारण १२०० ज्यूल लागतात. पेटीत ३०० वॅट उष्णता निघत असेल आणि आतून जाताना हवा १० अंशांपेक्षा जास्त तापू नये असे वाटत असेल, तर सेकंदाला २५ लिटर हवा पेटीतून गेली पाहिजे. १२० मिलिमीटरचा एक चांगला पंखा मोकळ्यावर एवढी हवा सहज हलवतो. पुढे जाळी, धुळीची गाळणी आणि वायरींचे जंजाळ आले, की हे प्रमाण बरेच घटते. मग पंखा जोरात फिरवावा, तर वेग दुप्पट केल्यावर हवा दुप्पट मिळते, पण पंख्याला वीज आठपट लागते आणि आवाज पुष्कळ वाढतो. जोर वाढवण्यापेक्षा वाट मोकळी करणे नेहमीच स्वस्त पडते.

वाट म्हटली की आपल्याला जुना वाडा आठवतो. चौकातून गरम हवा वर निघून जाते आणि खालून गार हवा ओढली जाते. पेटीतही गरम हवा वर जातेच, मग पंखे हवेत कशाला, असे मला पुष्कळदा विचारले जाते. मी हिशेब मांडून पाहिला. अर्धा मीटर उंचीच्या पेटीत १० अंशांच्या फरकाने निर्माण होणारा ओढा साध्या पंख्याच्या दाबाच्या जेमतेम शंभराव्या भागाइतका भरतो. वाड्याची उंची आणि ऐसपैसपणा या पेटीत नाही. वाड्याकडून घेण्यासारखा धडा वेगळा आहे: वारा खेळायला समोरासमोर दारे लागतात. पुढून आत, मागून किंवा वरून बाहेर, आणि मध्ये ज्यांना गरज आहे ते भाग. छतावर पुढच्या बाजूला बाहेर फेकणारा पंखा बसवला, तर नुकतीच आत आलेली हवा प्रोसेसरपर्यंत न पोहोचताच निघून जाते. पंखे वाढतात आणि तापमान तसेच राहते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त ठेवली, तर पेटीच्या फटींतून धूळ आत ओढली जात नाही. धूळ गाळणीवर जमते आणि गाळणी धुता येते.

एवढे सगळे नीट केले, तरी एक मर्यादा उरते. हवेने गार होणारे यंत्र खोलीपेक्षा गार होऊ शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत एखादा प्रोसेसर ७५ अंशांवर चालत असेल, तर ४० अंशांच्या खोलीत तो ९०च्या आसपास जातो. ९५ ते १०० अंशांवर बहुतेक प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवतात, आणि त्याउपर गेल्यास यंत्र बंद करतात. नागपूरकडे मे महिन्यात पारा ४४-४५ला पोहोचणे नवलाचे नाही. त्यात आपल्याकडची संगणकाची टेबले पाहा. ‘सीपीयू’साठी खाली एक बंदिस्त खण असतो, मागून निघालेली गरम हवा वळसा घालून पुन्हा पुढून आत जाते. या खणातून पेटी बाहेर काढणे आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवणे, हा माझ्या माहितीतला सर्वांत स्वस्त उपाय आहे. बाजूचे झाकण काढून टेबलफॅन लावणे ही आपली खास रीत. कोंदट पेटीत तिचा उपयोग होतो, पण तो ती पेटी सदोष असल्याचा पुरावा असतो, आणि धुळीला मोकळे रान मिळते ते वेगळेच.

आमच्या ग्रंथालयात आम्ही आणखी एक मार्ग धरला, तो उष्णता निर्माणच कमी करण्याचा. प्रोसेसरची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे शेवटच्या थोड्या वेगासाठी फार मोठी किंमत मोजावी लागते. बायॉसमध्ये विजेची मर्यादा खाली आणली, तर उष्णता जेवढी घटते त्या मानाने वेग फार कमी घटतो. स्कॅनिंग सकाळी आणि प्रतिमांवरून अक्षरे ओळखण्याचे जड काम रात्री, अशी वेळही आम्ही वाटून घेतली.

उष्णतेचे भयही मापात असावे. प्रोसेसर स्वतःला सांभाळतो. मदरबोर्डवरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तसे करू शकत नाहीत. दर १० अंश वाढीला त्यांचे आयुष्य निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. हार्ड डिस्कविषयी मात्र गूगलच्या संशोधकांनी २००७ साली आपल्याकडच्या असंख्य डिस्कचा अभ्यास मांडला. त्यात तापमान आणि बिघाड यांचा संबंध समजुतीपेक्षा पुष्कळ सैल निघाला; फार उच्च तापमान आणि वय झालेली डिस्क एकत्र आली, तेव्हाच तो स्पष्ट दिसला. डिस्क गार ठेवली म्हणजे प्रतिमा सुरक्षित झाल्या, असे म्हणूनच समजू नये. दुसरी प्रत दुसऱ्या गावी हवीच.

संगणकखरेदीच्या प्रस्तावात प्रोसेसरचे नाव, मेमरी, डिस्क यांचे रकाने असतात. खोलीचा रकाना नसतो. यंत्र मांडायची खोली पश्चिमेची आहे का, वर पत्रे आहेत की स्लॅब, खिडकी उघडते का, दुपारी तापमान किती होते, हे कोणी विचारत नाही. वातानुकूलन परवडले, तरी तेही उष्णता नाहीशी करत नाही. ती भिंतीपलीकडे नेऊन टाकते. प्रत्येक टप्प्यावर उष्णतेला पुढची वाट लागते आणि शेवटचा टप्पा नेहमी आपले गाव असते. म्हणून माझे ग्रंथालयांच्या कार्यकारिणींना एवढेच सांगणे आहे: यंत्राची निवड करण्याआधी एक तापमापक घ्या, आणि मे महिन्यातल्या एका दुपारी तो त्या खोलीत ठेवून पाहा.