पानमसाल्यातील मॅग्नेशियम कार्बोनेट

मॅग्नेशियम कार्बोनेट हे पांढरे, गंधहीन, चूर्णरूप संयुग आहे. पकड घट्ट राहावी म्हणून व्यायामपटू ते तळहातांना चोळतात. मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते अल्प प्रमाणात घालण्यास मुभा आहे. पानमसाल्यात मात्र त्याला मनाई आहे. तरीही गुटखा व पानमसाल्याच्या पुड्यांत ते आढळत आले. मनाई असलेला घटक वेष्टनावर छापला जाण्याची शक्यता अर्थातच नसते; त्यामुळे खाणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

हे चूर्ण मसाला कोरडा व सुटा ठेवते. शिवाय ते अल्कधर्मी असल्याने तंबाखूतील निकोटीन मुक्त स्वरूपात येऊन तोंडाच्या अस्तरातून लवकर शोषले जाते. मूत्रपिंड दुबळे असल्यास शरीरात मॅग्नेशियम साचण्याचा धोका असतो.

महाराष्ट्र शासनाने २००२ साली घातलेली गुटखाबंदी सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये गोदावत पानमसाला खटल्यात रद्द ठरवली. राज्याच्या अन्न प्राधिकाऱ्यास एवढा अधिकार नाही, असा निर्णय झाला. पुढे अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू झाला. त्याच्या कलम ३० खाली अन्न सुरक्षा आयुक्तांना जास्तीत जास्त एक वर्षासाठी बंदी घालता येते. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने नमुने तपासले, त्यांत मॅग्नेशियम कार्बोनेट सापडले, आणि आयुक्त महेश झगडे यांच्या कार्यकाळात जुलै २०१२ मध्ये गुटख्यासह पानमसाल्यावरही बंदी आली. आदेशाची मुदत वर्षाची असल्याने तो दरवर्षी नव्याने काढावा लागतो. बिहारनेही २०१९ मध्ये याच रसायनावरून पानमसाल्याच्या अनेक छापांवर बंदी घातली.

मॅग्नेशियम कार्बोनेट हा कायद्याला सापडलेला दुवा होय. मूळ अपाय सुपारी व तंबाखूचा आहे. तंबाखू नसली तरी सुपारी कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नोंदवले आहे. तोंड उघडेनासे करणारा अस्तराखालील तंतुमयता हा विकारही मुख्यत्वे सुपारीमुळेच होतो. रसायन वगळलेली पुडी म्हणून निर्धोक ठरत नाही.

नंदुरबार जिल्ह्याला गुजरात व मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांची सीमा लागते. तेथील बंदी तंबाखू वा निकोटीनयुक्त गुटख्यापुरती आहे. महाराष्ट्रात साधा पानमसालाही निषिद्ध. सुरत–भुसावळ मार्गावरील नवापूर रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातमध्ये आहे. त्यामुळे एकच पुडी फलाटाच्या एका टोकाला विक्रीयोग्य आणि दुसऱ्या टोकाला जप्तीयोग्य ठरू शकते. या सीमेवरून चोरटा माल पकडल्याच्या बातम्या वारंवार येतात.